नावांची झाडे

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत, पुरुषभर उंचीवर, संगमरवराची एक लहानशी पाटी बसवलेली आहे. पहिले महायुद्ध संपल्यानंतर, ज्या गावांतून पलटणीत बरीच माणसे गेली होती अशा अनेक गावांना इंग्रज सरकारने या पाट्या दिल्या. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात त्या आजही कुठे कुठे पाहायला मिळतात. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक बदलतात ते फक्त दोन आकडे. आमच्या पाटीवरचे आकडे मी इथे मुद्दामच देत नाही. आकडा दिला की वाचणारा मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. मीही कित्येक वर्षे तेच करत आले.

त्यातल्या दुसऱ्या आकड्यात आमच्या घरातला एकजण आहे. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. घरात त्याच्याविषयी जे काही शिल्लक आहे ते दोन-तीन वाक्यांत संपते. तो 'बसऱ्याला' गेला. तिथून परत आला नाही. त्याच्या मागे बरीच वर्षे कसलेतरी पैसे येत होते, ते पणजीने विहिरीला लावले. आणि त्याचे नाव? आजी म्हणायची, धोंडी. आजीची चुलत जाऊ ठामपणे म्हणायची, कोंडी. दोघींनीही त्याला पाहिलेले नव्हते. दोघीही सासूकडून ऐकलेले सांगत होत्या. दोन्ही नावे मात्र एकाच जातकुळीची. आधीची मुले जगली नाहीत म्हणजे पुढच्याला धोंडा म्हणायचे, किंवा कोंड्याच्या मोलाने घेतले असे म्हणायचे. म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जात नाही. मृत्यूला चकवण्यासाठी ज्या मुलाचे नाव इतके क्षुल्लक ठेवले, तो पंचविशीच्या आत टायग्रिसच्या काठी कुठेतरी गेला, आणि आता ते क्षुल्लक नावही आमच्याकडे धड उरलेले नाही.

हे सगळे मला नव्याने आठवण्याचे कारण एक रस्ता आहे. तो आपल्याकडे नाही.

*

माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो. २०१९ च्या मे महिन्यात, उन्हाळी सुटीत, मी त्याच्याकडे गेले होते. तिकडे तेव्हा पानगळीचे दिवस. एका रविवारी तो आम्हाला बॅलरॅटला घेऊन निघाला. मेलबर्नच्या पश्चिमेला सव्वाशेएक किलोमीटरच्या आतच हे गाव आहे. १८५१ मध्ये तिथे सोने सापडले आणि जगभरातून माणसे लोटली. जुन्या काळातली सोन्याची वसाहत पुन्हा उभारून पर्यटकांसाठी खुली केलेली आहे, ती दाखवणे हा भावाचा बेत होता. ते पाहून झाल्यावर वेळ उरला म्हणून त्याने गाडी गावाच्या पश्चिम टोकाला नेली. तिथे रस्त्यावर एक मोठी कमान लागली. भाऊ म्हणाला, 'ताई, इथून पुढे फक्त झाडं आहेत.'

फक्त झाडेच होती. कमानीपासून पुढे सुमारे बावीस किलोमीटर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत. एल्म, ओक, अ‍ॅश, प्लेन, पॉप्लर. पाने पिवळी होऊन गळत होती आणि गाड्यांच्या वाऱ्याने रस्त्यावरून सरकत होती. प्रत्येक झाडाच्या पायथ्याशी धातूची एक लहान पाटी. गाडी थांबवून मी एका पाटीशी वाकले. झाडाचा क्रमांक, एका माणसाचे नाव, त्याची पलटण. पुढच्या झाडाशी दुसरे नाव. त्याच्या पुढच्या झाडाशी तिसरे. काही जागी झाड गेलेले होते आणि पाटी तेवढी होती. काही जागी जुन्या झाडाच्या जागी नवे, खांद्याएवढे रोप लावलेले होते. पण मधले अंतर सारखे राखलेले होते. एखाद्या रांगेतला माणूस पडला म्हणून रांग सरकवून घ्यायची नाही, त्याची जागा तशीच ठेवायची, असा तो हिशेब असावा.

आम्ही पाऊण तास चाललो आणि फार तर दोनशे नावे वाचून झाली असतील. एकूण झाडे पावणेचार हजारांहून अधिक.

*

घरी परतल्यावर, मास्तरकीच्या सवयीने, मी या रस्त्याविषयी वाचत गेले. तो सरकारने केलेला नाही, ही पहिली गोष्ट कळली. बॅलरॅटमध्ये कपडे शिवण्याचा एक कारखाना होता. एलेनॉर ल्यूकस नावाच्या विधवा बाईने पोटापाण्यासाठी घरी शिवणकाम घ्यायला सुरुवात केली, त्यातून तो वाढला होता. युद्धाच्या काळात तिथे सुमारे पाचशे मुली काम करत. त्या मुलींनी ठरवले की आपल्या गावातून आणि आसपासच्या भागातून जो जो सैन्यात गेला, त्याच्या नावाने एकेक झाड लावायचे. पैसे त्यांनी जमवले, झाडे लावायला त्या स्वतः गेल्या. जून १९१७ मध्ये पहिली लागवड झाली आणि १९१९ पर्यंत ती चालू राहिली. कमानही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. १९२० मध्ये तिच्या उद्घाटनाला प्रिन्स ऑफ वेल्स आला, तेव्हा या मुलींनी त्याला स्वतः शिवलेला रेशमी रात्रपोशाख भेट दिला. राजपुत्राला तलवार नाही, ढाल नाही. जे आपल्याला शिवता येते ते दिले. मला ही गोष्ट फार आवडली.

या रांगेविषयी आणखी दोन बाबी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की झाडे लावली गेली ती भरतीच्या क्रमाने. हुद्द्याप्रमाणे नव्हे, आडनावाच्या अक्षरांप्रमाणेही नव्हे. जो आधी गेला त्याचे झाड कमानीजवळ. अधिकारी आणि साधा शिपाई शेजारी शेजारी उभे आहेत. परिचारिकांचीही झाडे आहेत. दुसरी बाब अशी की ही झाडे केवळ मेलेल्यांची नाहीत. जे गेले त्या सर्वांची आहेत. लागवड सुरू झाली तेव्हा युद्ध चालू होते. १९१७ च्या जूनमध्ये ज्याच्या नावाने रोप लावले, तो तेव्हा फ्रान्समध्ये जिवंत असू शकत होता आणि ऑक्टोबरात पासेन्डालच्या चिखलात नाहीसा झालेला असू शकत होता. रोप तेच, पाटी तीच. आईने ज्याला आशेने पाणी घातले ते झाड चार महिन्यांत स्मारक झाले. उलट जे परत आले त्यांच्यापैकी कोणी पुढे कित्येक वर्षे स्वतःच्याच झाडाखालून बाजाराला गेला असेल. त्या माणसाला शेजारच्या झाडाकडे पाहून काय वाटत असेल, याचा मी बराच विचार केला आहे.

झाडेच का? दगड का नाही? दगडाची स्मारकेही ऑस्ट्रेलियात गावोगाव आहेत. पण झाडांच्या या वीथी तिथे शेकडोंनी लावल्या गेल्या, आणि त्यातही व्हिक्टोरिया प्रांतात सर्वाधिक. पन्नास लाखांहून कमी लोकवस्तीच्या त्या देशातून सव्वातीन लाखांहून अधिक माणसे समुद्रापार लढायला गेली आणि सुमारे साठ हजार परत आली नाहीत. ही सारी माणसे स्वेच्छेने गेलेली होती. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा सार्वमताला टाकला गेला आणि दोन्ही वेळा लोकांनी तो फेटाळला. म्हणजे प्रत्येक घराने आपला मुलगा जाताना पाहिला होता. आणि ब्रिटिश साम्राज्याचे धोरण असे की मृतदेह मायदेशी आणायचा नाही. जिथे पडला तिथेच पुरायचा. फ्रान्समधल्या किंवा गॅलिपोलीमधल्या थडग्यापर्यंत बॅलरॅटची कोणती आई जाणार होती? आणि हजारोंना तर थडगेही नव्हते. झाड ही त्यांच्यापाशी असलेली एकमेव जागा होती. माती आपल्या हाताने लोटायची, पाणी घालायचे, आळे करायचे, काठी लावायची. मृतासाठी हाताने काही करण्याची जी भूक असते, ती दगडाने भागत नाही. दगड बसवून झाला की काम संपते. झाडाचे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते.

बॅलरॅटच्या वाटेवरच बॅकस मार्श नावाचे गाव लागते. तिथेही अशीच एक वीथी आहे, २८१ एल्मची. १० ऑगस्ट १९१८ रोजी बिगुल वाजला आणि ती सगळी झाडे एकाच वेळी लावली गेली. एवढी माणसे आपापल्या खड्ड्याशी रोप धरून बिगुलाची वाट पाहत उभी आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे युरोप आणि अमेरिकेतले एल्म एका बुरशीच्या रोगाने लक्षावधींच्या संख्येने मेले. ऑस्ट्रेलियात तो रोग पसरला नाही. त्यामुळे ज्या भूमीवर ती मुले पडली तिथले जुने एल्म बहुतांशी गेले, आणि त्यांच्या नावाने परक्या मातीत लावलेले मात्र शंभरी ओलांडून उभे आहेत.

*

इथवर वाचून वाचकांना वाटेल की मी या झाडांच्या प्रेमात पडले आहे. ते खरेच आहे. पण प्रेमात पडलेल्या माणसानेही उलट बाजू पाहिली पाहिजे, निदान समीक्षा शिकवणाऱ्याने तरी.

झाड हे निष्पाप प्रतीक नाही. जर्मनीत विली लांगे या उद्यानरचनाकाराने १९१४ मध्येच कल्पना मांडली होती की पडलेल्या प्रत्येक सैनिकामागे एक ओक लावावा, गावोगावी वीरांची उपवने करावीत. ओक म्हणजे जर्मन वृत्तीचे प्रतीक, हा त्यामागचा भाव. आणि तो भाव पुढे कोणत्या वळणाला गेला हे आपण जाणतो. इटलीत मुसोलिनी सत्तेवर आल्यानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर १९२२ मध्ये, शिक्षण खात्याचा उपमंत्री दारिओ लुपी याने शाळांना परिपत्रक काढले: प्रत्येक गावात स्मरणवीथी किंवा स्मरणोद्यान करावे, मृतामागे एक झाड लावावे, त्याची राखण शाळेच्या मुलांनी करावी. कल्पना तीच, रोप तेच. पण एके ठिकाणी शिवणाऱ्या मुलींनी आपल्या ओळखीच्या माणसांसाठी खड्डे खणले, आणि दुसऱ्या ठिकाणी सत्तेने मुलांना ओळीत उभे करून पुढच्या युद्धाची भक्ती शिकवली. झाडाला यातले काही कळत नाही. कळायला हवे ते पाणी घालणाऱ्याला.

बॅलरॅटचा रस्ताही वादातीत नाही. ती जमीन वाडावरंग या मूळ रहिवाशांची. सोन्यासाठी आलेल्यांनी ती घेतली आणि तिच्यावर आपल्या जुन्या मायदेशाची झाडे रोवली. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना तर सुरुवातीला सैन्यात घेतलेच जात नव्हते. १९१७ मध्ये, माणसे कमी पडू लागली तेव्हा, नियम काहीसे सैल झाले. हे वाचताना मी थबकले. कारण १९१७ हे साल मला दुसऱ्या एका संदर्भात माहीत होते. आपल्याकडे महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी बंद केली होती. तीही माणसे कमी पडू लागली तेव्हाच पुन्हा सुरू झाली. १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ मध्ये, आणि १९२१ मध्ये, गरज संपल्यावर, मोडली गेली. दोन खंडांतल्या दोन बहिष्कृत समाजांना साम्राज्याची एकाच वर्षी आठवण झाली.

*

आता बसऱ्याकडे येते.

सहावी पूना डिव्हिजन १९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियात उतरू लागली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने पुढे गेलेली ही फौज मागे हटली आणि कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार सोसून तिने शरणागती पत्करली. नंतर कैदेच्या वाटचालीत आणि छावण्यांत असंख्य मेले. या सगळ्या मोहिमेतले ज्यांचे थडगे नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याजवळ झाले. ब्रिटिश शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचे काय? पलटणीचे नाव, आणि पुढे आकडा. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर मात्र हिंदी शिपायांची नावे आहेत. म्हणजे युरोपच्या डोळ्यांदेखत मेलेल्याला नाव मिळाले. वाळवंटात मेलेल्याला आकडा. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेच २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून हा भेदभाव मान्य केला आणि क्षमा मागितली. आशिया व आफ्रिकेतल्या निदान एक लाख सोळा हजार मृतांची नावाने नोंद झालेली नाही, किंवा कदाचित नोंदच झालेली नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे.

चावडीतली आमची पाटी आणि बसऱ्याचे स्मारक एकाच विचाराने घडलेले आहेत, हे मला तेव्हा समजले. गावाला दिलेल्या पाटीवरसुद्धा गावाच्या माणसांची नावे लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. गावालाही वाटली नाही, हे अधिक टोचते.

आपल्याकडे वीरगळांची परंपरा आहे. गावाबाहेर, देवळाच्या आवारात, खालच्या कप्प्यात लढणारा, मधल्या कप्प्यात अप्सरांनी नेलेला, वरच्या कप्प्यात शिवपिंडीपाशी बसलेला वीर. त्यांतल्या बहुतेकांवर अक्षर नाही. पण ज्यांनी दगड उभा केला त्यांना तो कोणाचा हे ठाऊक होते. शेंदूर लावणारा हात ओळखीचा होता. हात गेले, ओळख गेली. तेव्हा नावाचा प्रश्न केवळ इंग्रजांवर ढकलून मोकळे होता येत नाही.

*

आणि मला तर मुळीच नाही. ते का, हे सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

२००९ मध्ये आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी काश्मीरमध्ये सीमेवर मारला गेला. मी नुकतीच नोकरीला लागले होते. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे आले होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही त्याच्या नावाने आवारात एक कडुनिंब लावला. त्याच्या आईच्या हातून. भाषणे झाली, फोटो झाले, नावाची पत्र्याची पाटी लावली. ज्यांनी महाविद्यालयांतले वृक्षारोपण पाहिले आहे त्यांना पुढचे ठाऊक असते: दर जुलैत नवे पाहुणे येतात आणि झाडे त्याच जुन्या खड्ड्यांत लागतात. हे झाड मात्र जगले. कारण त्याची आई दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, यष्टीने येई, नळावर कळशी भरी आणि आळ्यात ओती. एक कळशी. मग पदराने पाटी पुसे. दुसऱ्या वर्षापासून झाडाला पाण्याची गरज राहिली नाही, तरी ती येत राहिली. आम्ही शिक्षकखोलीच्या खिडकीतून पाहत असू. सुरुवातीला कोणीतरी बाहेर जाऊन दोन शब्द बोले. पुढे सवय झाली.

२०१६ मध्ये आवारात वाहनतळाची शेड करायचे ठरले. चार झाडे आड येत होती. झाडे काढण्यास हरकत नाही अशा कागदावर समितीच्या सदस्यांच्या सह्या हव्या होत्या. त्या समितीत मी होते. यादीत लिहिले होते: कडुनिंब, एक, गुलमोहर, दोन, सुबाभूळ, एक. 'कडुनिंब, एक' म्हणजे कोणता हे मला माहीत नव्हते असे नाही. परीक्षेचे दिवस होते, शिपाई दारात उभा होता, माझ्या आधी पाचजणांनी सह्या केल्या होत्या. मी सही केली. नाव होते, ते मी आकडा म्हणून वाचले.

सुटीत झाडे तोडली गेली. पाटी भांडारात गेली. त्यानंतरच्या गुरुवारी ती बाई आली असेल तेव्हा मी गावाला होते. पुढे ती कधी आली नाही, आणि मीही चौकशी केली नाही.

बॅलरॅटच्या रस्त्यावर, झाड गेले तरी राखलेल्या त्या मोकळ्या जागा पाहताना मला काय वाटले असेल, ते यावरून कळेल. भाऊ म्हणत होता, 'ताई, चल, अंधार पडेल.' मला त्या पाट्यांपासून उठवत नव्हते.

*

परत आल्यावर मी दोन कामे हाती घेतली. दोन्ही अर्धवट आहेत.

पहिले गावातले. चावडीच्या पाटीखाली त्या माणसांची नावे लावावीत, असे मी ग्रामसभेत सुचवले. सगळ्यांनी मान डोलावली. घरोघर विचारून यादी करू लागले तेव्हा खरी अडचण कळली. नावे आठवतात ती ज्या घरांची जमीन आणि वाडा टिकला त्यांची. बौद्धवाडीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी तीन नावे दिली, बापाच्या नावांसकट. तेव्हा ग्रामसभेतल्या काहींचा उत्साह ओसरला. 'तेवढे कसे असतील?' असा प्रश्न आला. आकड्याला जात नव्हती, नावांना होती. शंभर वर्षे एका आकड्यात सुखाने नांदलेली माणसे यादीत येताच वेगळी मोजली जाऊ लागली. आकडा अन्यायी होता, हे मी वर म्हटलेच आहे. पण त्याच्या आडोशाला आम्ही सगळे सोयीने बसलो होतो, हेही खरे. यादीचे काम अजून चालू आहे. ती तीन नावे असल्याशिवाय यादी लावायची नाही, यावर मी आणि ते गृहस्थ ठाम आहोत. आमच्या घरच्या नावापुढे मी तूर्त 'धोंडी ऊर्फ कोंडी' असे लिहिले आहे. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. तिथे मला साताऱ्याचे धोंडी अनेक सापडले, कोंडीही सापडले. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली गावांची नावे वाचत मी कित्येक रात्री बसले आहे. आमच्या गावासारखे दिसणारे एक नाव आहे. ते आमचेच असावे असे मला वाटते. पण वाटण्यावर पाटी करता येत नाही.

दुसरे काम त्या आईकडे जाण्याचे. ते करायला मला आणखी दोन वर्षे लागली. २०२१ च्या दिवाळीनंतर मी तिच्या वस्तीवर गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितले. सहीचेही सांगितले. तिने ऐकून घेतले. 'तुम्ही एकट्यानं थोडीच तोडलं, म्याडम,' म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, आता उठावे. तेवढ्यात तीच उठली आणि म्हणाली, 'या.'

घरामागच्या बांधावर एक कडुनिंब होता. सहा-सात वर्षांचा असावा. झाड तोडायच्या आधीच कधीतरी, उन्हाळ्यात, तिने कॉलेजच्या झाडाखालच्या निंबोळ्या पदरात बांधून आणल्या होत्या. मी विचारले, 'मावशी, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का, की ते झाड जाणार म्हणून?'

'न्हाई,' ती म्हणाली. 'निंबोळ्या पडत्यातच की. चार आणून टाकल्या. एक आली.'

गॅलिपोलीच्या एका टेकडीवरच्या झाडाचे फळ एका सैनिकाने असेच पाठपिशवीतून घरी आणले होते. त्याच्या मावशीने बिया रुजवल्या आणि त्यांतून आलेली पाइनची झाडे पुढे व्हिक्टोरियात ठिकठिकाणी लावली गेली, हे मी वाचले होते. ते तिला सांगावे असे क्षणभर मनात आले. सांगितले नाही. भांडारातली पत्र्याची पाटी मी शोधून, पुसून, पिशवीत आणली होती. ती तिच्या हातात दिली. तिने ती पाहिली, पदराने पुसली आणि घरात नेऊन देवळीत ठेवली. झाडाला लावली नाही. मी कारण विचारले नाही. तिला त्या झाडाचे नाव वाचायची गरज नव्हती.

ती गरज आपल्याला आहे, आणि आपल्यानंतर येणाऱ्यांना. चावडीच्या भिंतीत पाटीखाली हातभर जागा रिकामी आहे. मी ती मोजून ठेवली आहे.